कै. केरूनाना छत्रे : आकाशाचे आणि समुद्राचे गणित



आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादकांनी आज्ञा केली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर अध्यापनाचे शिक्षण घेऊन उभा जन्म लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील शाळांत मुलांस गणित शिकविण्यात गेला. तेव्हा विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही. परंतु ज्या पुरुषाचे ऋण एक गणितशिक्षक या नात्याने मजवर आहे, त्याचे चरित्र सांगण्यास अधिकाराची नव्हे, कृतज्ञतेची गरज असते, असे समजून लेखणी हाती घेतली आहे.

हा पुरुष म्हणजे कै. केरो लक्ष्मण छत्रे, महाराष्ट्रात केरूनाना या नावाने प्रसिद्ध असलेले गणिती व ज्योतिर्विद. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, हे आरंभीच सांगतो. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या पुरुषाचे चरित्र कशास, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर एवढेच की, सूर्यचंद्र जसे कोणा एका ज्ञातीचे नसतात, तसेच त्यांचे गणित करणारेही नसतात. शिवाय आपल्या घराघरांत खुंटीला टांगलेल्या पंचांगाशी या पुरुषाचा फार निकटचा संबंध आहे. तो संबंध आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

आपण मराठवाड्याची माणसे समुद्रापासून दूर राहणारी. नांदेडच्या माणसास पाणी म्हणजे गोदावरी. लातूरच्या माणसास पाणी म्हणजे मांजरा, आणि पुष्कळदा पाण्याचा अभावच. ज्या लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील मुलास भरती आणि ओहोटी हे शब्द केवळ भूगोलाच्या पुस्तकात भेटतात. मीही अनेक वर्षे ते तसेच पुस्तकातून शिकविले. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, हे वाक्य फळ्यावर लिहावे, मुलांनी ते पाठ करावे आणि परीक्षेत उतरवावे, असा आमचा क्रम होता.

एकदा पौष महिन्यात मुलांची सहल घेऊन अलिबागेस जाण्याचा योग आला. तेथील कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रात उभा आहे. ओहोटीच्या वेळी त्याकडे पायी चालत जाता येते आणि भरतीच्या वेळी तो चोहोंकडून पाण्याने वेढला जातो. सकाळी आठच्या सुमारास आम्ही मुलांची रांग करून किल्ल्यात गेलो. जाताना किनाऱ्यावर जाळे नीट करीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने दहाच्या आत परतावे म्हणून बजावले होते. परंतु किल्ल्यातील गणपतीचे देऊळ, गोड्या पाण्याचा तलाव, तटावरून दिसणारा अफाट समुद्र यांत मुले रमली आणि मीही रमलो. साडेदहास परत निघालो तेव्हा, येताना जेथे ओली वाळू होती, तेथे पाणी लागले. मोठ्या मुलांच्या कमरेपर्यंत ते पोहोचले होते आणि दर क्षणी वाढत होते. किल्ल्यातच थांबून पुढील ओहोटीची वाट पाहणे शहाणपणाचे होते. परंतु तेही मला सुचले नाही. लहान मुलांना खांद्यावर घेऊन, हातात हात गुंफून आम्ही कसेबसे काठाला लागलो. कोणास इजा झाली नाही, ही ईश्वराची कृपा. माझी त्यात काहीच हुशारी नव्हती. भरती-ओहोटीची व्याख्या अनेक वर्षे शिकविणाऱ्या मास्तरास भरती केव्हा येईल हे ठाऊक नव्हते, आणि ज्याने शाळेचे तोंडही पाहिले नसेल अशा म्हाताऱ्यास ते मिनिटांच्या हिशेबाने ठाऊक होते!

दुपारी मी त्या वृद्धाकडे मुद्दाम गेलो व त्याने वेळ कशी ओळखली ते विचारले. त्याने बोटांवर तिथी मोजून दाखविली. तिथीच्या आकड्यास तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. त्या दिवशी वद्य तृतीया होती. तीन त्रिक नऊ, नवाचा चौथा हिस्सा सव्वादोन. म्हणजे सव्वादोन वाजता पूर्ण भरती, आणि तिच्या आधी सहा तास, सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. ओहोटी व भरती यांच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत झपाट्याने चढते. त्यातून पौर्णिमा उलटून दोन-तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचा काळ. सर्व काही त्या एका तिथीत आलेले होते. आपल्या घरच्या पंचांगात मुंजी-लग्नांच्या मुहूर्तांखेरीज समुद्रही लपलेला आहे, हे त्या दिवशी मला प्रथम कळले.

गावी परतल्यावर भरती-ओहोटीविषयी मराठीत पूर्वी कोणी काय लिहिले आहे याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा केरूनाना छत्रे हे नाव पुढे आले. योगायोग असा की, त्यांचे जन्मगाव नागाव हे अलिबागेच्या दक्षिणेस, त्याच किनाऱ्यावर, अवघ्या काही मैलांवर आहे.

केरूनानांचा जन्म इ. स. १८२४-२५ च्या सुमारास झाला. पेशवाई बुडून सहा-सात वर्षे झाली होती. लहानपणीच ते मातापित्यांच्या छत्रास मुकले आणि चुलत्यांच्या आश्रयाने शिक्षणासाठी मुंबईस आले. छत्रे घराण्यात विद्येचा व्यासंग होता. इसापनीतीच्या कथा मराठीत आणणारे सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे हे याच घराण्यातले. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत केरूनानांचे शिक्षण झाले. तेथे ज्योतिष व गणित शिकविणारे प्रोफेसर ऑर्लिबार हे त्यांस गुरू लाभले. शिष्याची गणितातील बुद्धी पाहून गुरूने त्यांस वेधशाळेच्या कामात घेतले. १८४० साली, म्हणजे वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले.

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली. बंदरात येणाऱ्या जहाजांस अचूक वेळ कळावी, हा तिचा एक मुख्य हेतू होता. कारण भर समुद्रात आपण कोठे आहोत हे जाणण्यास खलाशाजवळ बिनचूक वेळ असावी लागते. केरूनाना तेथे आले त्या सुमारास पृथ्वीचे चुंबकत्व व हवामान यांचे नियमित वेध घेण्यास प्रारंभ झाला. वायुभारमापक यंत्रातील पारा किती चढला, किती उतरला, उष्णता किती, वारा कोणत्या दिशेचा व किती जोराचा, पाऊस किती, असे सर्व ठराविक वेळी पाहावयाचे आणि वहीत टिपून ठेवावयाचे. दिवस असो वा रात्र, सण असो वा सुतक, टिपण चुकता कामा नये. ज्यास हे काम कंटाळवाणे वाटेल त्याने असा विचार करावा की, एका दिवसाचे टिपण म्हणजे केवळ आकडा होय. परंतु दहा वर्षांची टिपणे हे ज्ञान होते. केरूनानांनी सुमारे दहा वर्षे ही तपश्चर्या केली. आधी पाहावे, मग लिहावे, आणि पाहिलेले व लिहिलेले जुळत नसेल तर लिहिलेले बदलावे, ही त्यांच्या बुद्धीची घडण येथेच झाली.

ही विद्या त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. १८४८ साली मुंबईत मराठी ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली होती. तिच्या वतीने पुढे मराठी ज्ञानप्रसारक नावाचे मासिकही निघू लागले. विज्ञानाचे विषय मायबोलीत सांगावे, हा या मंडळींचा उद्देश. या सभेपुढे केरूनानांनी जे निबंध वाचले त्यांत हवा, कालज्ञान आणि भरती-ओहोटी हे विषय होते. आज या विषयांवर मराठीत पुस्तके आहेत, आणि शास्त्रीय शब्द तयार मिळतात. त्या काळी शब्दही नव्हते. भरती, ओहोटी, उधाण, भांग हे कोळ्यांच्या तोंडचे शब्द आणि न्यूटनाचे आकर्षणाचे शास्त्र, यांची मराठी भाषेत गाठ घालून देण्याचे काम ज्या पहिल्या मंडळींनी केले, त्यांत केरूनानांची गणना करावी लागते.

हे शास्त्र थोडक्यात असे. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूस अधिक व दूरच्या बाजूस उणे पडते. त्यामुळे समुद्राचे पाणी दोन्ही बाजूंस फुगते आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असता प्रत्येक किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो. म्हणून दिवसातून दोनदा भरती. चंद्रही पुढे सरकत असल्याने दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. कोळ्याचा पाऊण तासाचा हिशेब तो हाच. सूर्यही पाणी ओढतो, परंतु त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास दोघांचे बळ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी मध्यम चढते. त्यास भांग म्हणतात. मुंबईस मोठ्या उधाणाच्या वेळी भरतीची उंची साडेचार मीटरांच्याही वर जाते. हे सर्व महिनोन्‌महिने आधी वर्तविता येते, कारण ते चंद्रसूर्यांच्या गतीवर अवलंबून आहे आणि त्या गतीचे गणित होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १८५१ च्या सुमारास केरूनाना पुण्यास आले. तेथे त्यांनी शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलात, एंजिनिअरिंग कॉलेजात व पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. याच काळात त्यांनी जे कार्य हाती घेतले त्यामुळे त्यांचे नाव चिरंतन झाले. ते कार्य म्हणजे पंचांगाचे संशोधन.

त्या वेळी महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. गणेश दैवज्ञ हेही कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे. त्यांनी आपला ग्रंथ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या गणितारंभाने रचला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः वेध घेणारे होते, आणि गणेश दैवज्ञांनीही कोणत्या सिद्धांताचा कोणता ग्रह आकाशाशी जुळतो हे पाहूनच आपली गणिते बसविली. त्यांच्या काळी ग्रंथ आकाशाशी जुळत होता. परंतु कोणत्याही कोष्टकात राहिलेला अत्यल्प फरक दरवर्षी साठत जातो. तीन-साडेतीनशे वर्षांत तो इतका साठला की, पंचांगात दिलेल्या वेळी ग्रहण लागेना आणि सांगितलेल्या स्थानी ग्रह दिसेना. आकाश एक सांगे, पंचांग दुसरे सांगे, आणि लोक आकाशाकडे न पाहता पंचांगाकडे पाहत!

येथे मला त्या वृद्ध कोळ्याची आठवण होते. त्याचा तीन-चतुर्थांशाचा नियम पिढ्यान्‌पिढ्या का टिकला? कारण समुद्र त्या नियमाची परीक्षा दिवसातून दोनदा घेतो. नियम चुकला तर होडी अडकेल, जाळे वाहून जाईल, प्रसंगी जीव जाईल. चुकीचा नियम समुद्र टिकू देत नाही. पंचांगाची मात्र अशी परीक्षा घेणारे कोणी उरले नव्हते. तिथी चार-सहा घटकांनी चुकली तरी उपवास करणारास पुण्य उणे पडल्याचे समजत नाही. ज्या गणिताची परीक्षा रोज होते ते खरे राहते; ज्याची परीक्षा थांबते ते पूज्य ठरते आणि हळूहळू चुकत जाते. केरूनाना समुद्रकाठी जन्मले आणि वेधशाळेत वाढले. समुद्र कोळ्याच्या नियमास जी कसोटी लावतो, तीच त्यांनी पंचांगास लावली. त्यांच्या सर्व कार्याचे मर्म मला यात दिसते.

पाश्चात्त्य ज्योतिषांनी दुर्बिणीच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या सूक्ष्म कोष्टकांच्या आधारे त्यांनी ग्रहसाधनाची कोष्टके हा मराठी ग्रंथ रचला. तो १८६० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील ज्योतिषास परिचित अशा रीतीने, परंतु आकाशाशी जुळेल असे सूर्यचंद्रांचे व ग्रहांचे स्थान काढून देणारा हा ग्रंथ म्हणजे त्या काळी मोठेच साहस होते. मग आबासाहेब पटवर्धन यांचे साहाय्य मिळून १८६५ पासून नवे पंचांग छापले जाऊ लागले. तेच पटवर्धनी पंचांग होय.

या पंचांगाचे स्वागत कसे झाले? ग्रहणे त्याचीच खरी ठरत. परंतु सण मात्र लोक जुन्याच पंचांगाने करीत. तिथीच्या क्षयवृद्धीत फरक पडे. राशिचक्राचा आरंभ केरूनानांनी रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून धरल्यामुळे कधी कधी अधिक मासातही फरक येई. शेजारच्या घरी एक महिना आणि आपल्या घरी दुसरा, हे सामान्य माणसास कसे रुचावे? पटवर्धनी पंचांग पाळणारी घरे थोडीच राहिली. आरंभबिंदू कोणता धरावा, हा वाद तर ज्योतिर्विदांत पुढे दीर्घकाळ चालला. त्यात केरूनानांचेच मत सर्वमान्य झाले असे नाही. परंतु पंचांगाचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, या त्यांच्या मूळ आग्रहाचा मात्र पूर्ण विजय झाला. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पुढे पंचांगशोधनाचा प्रश्न हाती घेतला आणि टिळक पंचांग रेवतीपक्षानेच चालले. सोलापूरचे दाते पंचांग आरंभबिंदू निराळा धरीत असले, तरी दृक्प्रत्ययाच्या, म्हणजे डोळ्यांना पटणाऱ्या गणितावरच आधारलेले आहे. आज आपल्या घरी येणाऱ्या पंचांगातील ग्रहण मिनिटाबरहुकूम लागते, त्याच्या मुळाशी ही परंपरा आहे.

टिळकांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. डेक्कन कॉलेजात ते केरूनानांचे विद्यार्थी होते. टिळकांस गणिताची व ज्योतिषाची जी गोडी अखेरपर्यंत राहिली, तिचे बीज या गुरूच्या सान्निध्यात रुजले, असे म्हणण्यास हरकत नाही. केरूनानांनी मराठी शाळांसाठी अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर पुस्तकेही लिहिली. कॉलेजात उच्च गणित शिकविणाऱ्या माणसाने प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी बेरीज-वजाबाकीचे पुस्तक लिहावे, यात त्यांस कमीपणा वाटला नाही. आम्हां शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. सूर्यावरील डागांचा आपल्याकडील हवामानाशी काही संबंध आहे काय, याचाही त्यांनी विचार केला होता. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

केरूनानांच्या हयातीतच समुद्राचे भविष्य वर्तविण्याच्या शास्त्राने आपल्या देशात मोठी मजल मारली. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन यांनी चक्राकार वादळांचा अभ्यास करून त्यांस सायक्लोन हे नाव १८४८ साली प्रचारात आणले. मातला नदीच्या काठी नवे बंदर बांधू नये, वादळाच्या वेळी समुद्र आत येऊन ते नष्ट होईल, असा इशारा त्यांनी १८५३ साली सरकारला दिला. तो मानला गेला नाही. बंदर बांधले गेले आणि १८६७ च्या वादळात त्याची धूळधाण झाली. तत्पूर्वी ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या वादळात हुगळीच्या मुखातून समुद्र आत लोटला व हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर बंदरांस वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. इकडे सर्वेक्षण खात्याने बंदरोबंदरी भरतीमापक यंत्रे बसविली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील यंत्र १८७८ सालचे. लंडनमध्ये १८७९ साली हिंदुस्थानच्या बंदरांसाठी चाकांचे व कप्प्यांचे एक यंत्र तयार झाले. चंद्रसूर्यांच्या निरनिराळ्या गतींचा परिणाम ते आपोआप एकत्र करी आणि वर्षभराच्या भरत्यांची वेळ व उंची काढून देई. कोळ्याच्या बोटांवरचे गणित यंत्रात उतरले, असेच म्हणावे!

परंतु भरती आणि वादळ यांत भेद आहे. भरती चंद्राची चाकर. तिचे वेळापत्रक ठरलेले. वादळास वेळापत्रक नाही. वादळाच्या केंद्रात हवेचा भार उतरतो, त्यामुळे तेथील पाणी वर उचलले जाते; भार एक मिलिबारने उतरला तर पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. त्याहून मोठे काम वारा करतो. तो मैलोन्‌मैल पाणी रेटीत आणून उथळ किनाऱ्यावर लोटतो. हा लोंढा ओहोटीच्या वेळी आला तर निभावते. उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आला तर गावे बुडतात. याखेरीज दूरच्या वादळातून उठलेल्या लांब लाटा शेकडो-हजारो मैल चालत येऊन, आकाश निरभ्र असताही, किनाऱ्यावर आदळतात. म्हणून सावध राहणारास दोन गणिते एकत्र करावी लागतात. एक चंद्राचे, जे वर्षभर आधी होते. आणि दुसरे वाऱ्याचे, जे प्रत्यही नवे करावे लागते. कुलाब्याच्या वेधशाळेत कोवळ्या वयात केरूनाना जे हवेचे भार व वाऱ्याचे वेग टिपून ठेवीत, ती या दुसऱ्या गणिताचीच बाराखडी होती.

१९ मार्च १८८४ रोजी केरूनानांचे देहावसान झाले. वय साठीच्या आतबाहेर. संपत्ती म्हणावी तर कोष्टके, पंचांग आणि शिष्य.

त्यांच्या मागे काय घडले ते थोडक्यात सांगतो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे कुलाब्याच्या चुंबकीय वेधांत व्यत्यय येईल, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले. नागावचा मुलगा वेधशाळेकडे गेला होता. साठ-पासष्ट वर्षांनी वेधशाळाच त्याच्या गावाशेजारी आली! त्याच किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ येऊन धडकले. घरे, नारळी-पोफळीच्या वाड्या यांची अपरिमित हानी झाली. परंतु मनुष्यहानी मात्र फार थोडी झाली. कारण वादळ कोठे व केव्हा येईल, नेहमीच्या भरतीवर समुद्र आणखी किती चढेल, याची सूचना आधीच मिळाली होती आणि किनाऱ्यावरची माणसे सुरक्षित स्थळी हलविण्यात आली होती. नेहमीच्या भरतीवर आणखी किती, या शब्दांत ती दोन्ही गणिते एकत्र आलेली आहेत.

आपल्या मराठवाड्याच्या माणसास कौतुक वाटावे अशी एक गोष्ट आहे. समुद्राच्या लाटांचे व उधाणाचे भविष्य देशभरच्या कोळ्यांस देणारे केंद्र समुद्रकाठी नसून हैदराबादेत आहे. ज्या शहराकडे आपले वाडवडील निजामाच्या काळी कामकाजासाठी जात, तेथे १९९९ साली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र स्थापन झाले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो बळी घेतले, तेव्हा सूचना देणारे कोणी नव्हते. त्यानंतर २००७ पासून त्याच केंद्रात त्सुनामीच्या इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. तेव्हा समुद्राचे गणित करण्यास समुद्रकाठी जन्मावे लागत नाही. नांदेड-लातुरातील मुलगाही ते करू शकेल.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याखेरीज लेख पुरा होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली, तेव्हा मी लातूर जिल्ह्यातच नोकरीस होतो. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे निजली होती. सकाळी ती गावे उरली नव्हती. आठ-दहा हजार माणसे गेली. माझ्या वर्गातील काही बाके त्यानंतर रिकामी राहिली. ती रात्र पौर्णिमेच्या उंबरठ्यावरची. त्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर कोणत्या मिनिटास भरती येणार व किती चढणार, हे भरतीच्या कोष्टकांत कितीतरी आधी छापलेले होते. परंतु आपल्या पायांखालच्या भूमीत काय होणार, हे जगातील कोणत्याही कोष्टकात नव्हते. आजही भूकंपाची वेळ कोणास आधी सांगता येत नाही. त्या दिवसापासून मला एक वाटत आले आहे की, जे आधी सांगता येत नाही त्यापुढे मनुष्याने हात जोडावे. परंतु जे आधी सांगता येते, ते ठाऊक नसल्यामुळे जर जीव गेला, तर तो दैवाचा दोष नव्हे, आपला दोष होय. कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर मी असा दोष जवळजवळ पदरी घेतला होता.

म्हणून ज्ञातीतील तरुणांस माझी विनंती आहे. आपल्या ज्ञातीच्या चालीरीती, मुहूर्त, सणवार अवश्य पाळा. पंचांग घरी अवश्य ठेवा. परंतु वर्षातून एकदा तरी, ग्रहणाच्या दिवशी, ते पंचांग हाती घेऊन अंगणात उभे राहा आणि त्यात दिलेली वेळ आकाशाशी ताडून पाहा. मुलांसही दाखवा. ज्या मुलास ग्रंथ आकाशाशी ताडून पाहण्याची सवय लागेल, तो पुढे कोणत्याही किनाऱ्यावर उभा राहिला तरी बुडणार नाही. केरूनानांचे स्मारक करावयाचे तर दगडामातीचे नको. हे असे करावे.

लेखनात काही न्यून राहिले असल्यास वाचकांनी ते मजकडे लावावे, आणि काही चांगले सापडल्यास त्या गणितीच्या स्मृतीस अर्पण करावे. इत्यलम्.